नवताऱ्याचें तेज आणि तुलनेचे तारे

आकाशांतील तारे अचल व अविकारी आहेत, अशी सामान्य माणसाची समजूत असते. सप्तर्षींची आकृति आजोबांनीं पाहिली तशीच नातवाला दिसते. ध्रुव आपली जागा सोडीत नाहीं. व्याध दर हिंवाळ्यांत त्याच दिमाखानें उगवतो. परंतु ह्या समजुतीला मधूनमधून धक्का बसतो. जेथें काल साध्या डोळ्यांना कांहींच दिसत नव्हतें, तेथें आज एक ठळक तारा चमकूं लागतो, कांहीं दिवस पाहणारांचें लक्ष वेधून घेतो, आणि मग मंद होत होत दिसेनासा होतो. अशा ताऱ्यास नवतारा म्हणतात.

नांव नवतारा असलें, तरी तो नवा जन्मलेला नसतो. ही एका जोडताऱ्याची गोष्ट असते. जोडीपैकीं एक श्वेत खुजा तारा होय. तो आकारानें पृथ्वीएवढा, पण वस्तुमानानें सूर्याच्या तोडीचा असतो. त्याचा साथीदार मोठा व विरळ असतो, आणि त्याच्या अंगावरील हायड्रोजन वायु ओढला जाऊन खुज्या ताऱ्याच्या पृष्ठभागावर सांचत राहतो. वर्षानुवर्षें सांचलेल्या ह्या थराचा दाब व उष्णता एका मर्यादेपलीकडे गेली म्हणजे तेथें अणुगर्भांची प्रक्रिया एकाएकीं भडकते आणि तो थर आकाशांत फेंकला जातो. तारा नष्ट होत नाहीं. त्याच्या अंगावरचें पांघरूण तेवढें उडतें, आणि पुढें तोच क्रम पुन्हां सुरू होतो.

नवतारा दिसला कीं पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, कीं तो किती तेजस्वी आहे? ‘फार तेजस्वी आहे’ हें कांहीं ह्या प्रश्नाचें उत्तर नव्हे. आज तो किती होता, उद्यां किती झाला, परवां किती उतरला, हें संख्येनें सांगतां आलें तरच त्या स्फोटाचा वेग, उडालेल्या वायूचें प्रमाण व ताऱ्याचें अंतर ह्यांविषयीं कांहीं अनुमान बांधतां येतें. आणि गेलेली रात्र पुन्हां मोजावयास मिळत नाहीं. ही संख्या काढण्याची रीति अत्यंत साधी आहे. शाळेंतील मुलालाहि ती साधते. परंतु ती ज्या पायावर उभी आहे तो पाया म्हणजे तुलनेचे तारे, आणि त्यांची निवड करण्यांतच खरी पारख लागते. ही निवड कशी करावी, हें एका प्रसिद्ध नवताऱ्याचें उदाहरण घेऊन आम्ही येथें सांगणार आहों.

प्रथम मापाचा विचार करूं. ताऱ्यांचें तेज ‘प्रत’ ह्या मापानें सांगतात. इ. स. पूर्वी दुसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या हिपार्कस ह्या ग्रीक ज्योतिष्यापासून ही चाल आली, असें मानतात. अगदीं ठळक तारे पहिल्या प्रतीचे आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे, असे सहा वर्ग पूर्वीं केलेले होते. पुढें १८५६ सालीं नॉर्मन पॉग्सन ह्या इंग्रज ज्योतिष्यानें ह्या वर्गांना गणिताची शिस्त लावण्याची सूचना केली. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याच्या बरोबर १०० पट तेजस्वी मानावा, म्हणजे एका प्रतीचें अंतर २.५१२ पटीचें होतें, अशी ती सूचना होती. हेच पॉग्सन १८६१ सालीं मद्रासच्या सरकारी वेधशाळेचे प्रमुख होऊन आले व १८९१ सालीं मृत्यु येईपर्यंत तेथेंच राहिले. तेव्हां आज साऱ्या जगांत चालणाऱ्या ह्या मापाचा जनक आपल्या देशांत तीस वर्षें तारे मोजीत होता, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. हें माप वर्गांतील क्रमांकासारखें आहे. संख्या जितकी लहान, तितका मान मोठा. पहिल्या क्रमांकाचा मुलगा पांचव्या क्रमांकाच्या मुलापुढें असतो, तसा २ प्रतीचा तारा ५ प्रतीच्या ताऱ्याहून तेजस्वी असतो. एक दशांश प्रतीचा फरक म्हणजे तेजांत सुमारें शेंकडा दहांचा फरक होय.

आतां हें माप लावावयाचें कसें? आपला डोळा एकट्या ताऱ्याकडे पाहून ‘हा ३.४ प्रतीचा’ असें सांगूं शकत नाहीं. चांदणें असलें, डोळे थकलेले असले, किंवा शेजारीं दिवा असला कीं तोच तारा निराळा भासतो. परंतु जवळजवळ ठेवलेल्या दोन वस्तूंपैकीं अधिक उजळ कोणती, हें डोळ्यास फार चांगलें कळतें. सराफ सोन्याचा तुकडा हातांत घेऊन नुसत्या अंदाजानें त्याचें वजन सांगत नाहीं. तो तराजूच्या दुसऱ्या पारड्यांत शिक्क्याचें वजन घालतो. चांदणें असलें काय आणि नसलें काय, तें दोन्ही ताऱ्यांवर सारखेंच पडतें; म्हणून तुलना बिघडत नाहीं. हीच युक्ति जर्मन ज्योतिषी फ्रीड्रिख आर्गेलांडर ह्यांनीं पद्धतशीरपणें मांडली, आणि १८४४ सालीं सामान्य ज्योतिषप्रेमी लोकांना त्यांनीं असे वेध घेण्याचें आवाहन केलें. नवतारा एका पारड्यांत, आणि ज्यांची प्रत ठाऊक आहे असे तारे दुसऱ्या पारड्यांत. सारी मदार शिक्क्याच्या वजनांवर आहे. वजनच खोटें असेल तर तराजू कितीहि नाजूक असून काय उपयोग? आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार?

उदाहरणादाखल आपण उत्तर मुकुट ह्या तारकासमूहांतील ‘टी’ नांवाचा तारा घेऊं. भूतप व शौरी ह्यांच्यामध्यें सात ताऱ्यांची एक सुबक अर्धवर्तुळाकार ओळ दिसते, तीच उत्तर मुकुट. मे महिन्याच्या मध्यास रात्रीं नऊच्या सुमारास ती आपल्याकडे पूर्वेच्या बाजूस बरीच वर आलेली असते. ह्या ओळीबाहेर, एप्सिलॉन ताऱ्यापासून पूर्णचंद्राच्या दोन रुंदींएवढ्या अंतरावर, टी तारा आहे. एरवीं तो सुमारें दहाव्या प्रतीचा, म्हणजे दुर्बिणीवांचून मुळींच न दिसणारा असतो. परंतु १२ मे १८६६ च्या रात्रीं आयर्लंडांतील ट्यूअम येथें जॉन बर्मिंगहॅम ह्यांना तेथें दुसऱ्या प्रतीचा एक तारा लकाकतांना दिसला; तो मुकुटांतील सर्वांत तेजस्वी ताऱ्याच्या तोडीचा होता. दहाव्या प्रतीपासून दुसऱ्या प्रतीपर्यंत म्हणजे आठ प्रतींची उडी. तेज दीड हजार पटींहून अधिक वाढलें! चार दिवसांनीं विल्यम हगिन्स ह्यांनीं त्याचा प्रकाश वर्णपटदर्शकांतून पाहिला आणि त्यांत तप्त हायड्रोजनच्या ठळक रेषा ओळखल्या. आठनऊ दिवसांत तारा साध्या डोळ्यांना दिसेनासा झाला. पुढें ८० वर्षांनीं, फेब्रुवारी १९४६ मध्यें, तोच तारा पुन्हां पेटला व सुमारें तिसऱ्या प्रतीपर्यंत चढलेला पाहण्यांत आला. असा पुनःपुन्हां पेटणारा नवतारा विरळा.

ह्या आंकड्यांवरून आमच्या वाचकांच्या लक्षांत येईल, कीं अशा ताऱ्याच्या बाबतींत एकेका रात्रीला केवढें मोल आहे. तेव्हां तुलनेचे तारे निवडण्याच्या कसोट्या एकामागून एक पाहूं.

पहिली कसोटी स्थिरतेची. तुलनेचा तारा स्वतः रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, नसावा. ही गोष्ट बोलावयास सोपी, पण मुकुटाच्या बाबतींतच ती किती अवघड आहे पहा. मुकुटाचा मुख्य तारा आल्फा. त्याची प्रत २.२. नवतारा भरांत असतां तुलनेस ह्याहून सोईचा तारा कोणता? पण हा आल्फा खरोखर दोन ताऱ्यांची जोडी आहे, आणि दर १७ दिवस व सुमारें ९ तासांनीं मंद तारा तेजस्वी ताऱ्यापुढून जातो. त्या ग्रहणाच्या वेळीं त्याचें तेज सुमारें एक दशांश प्रतीनें उतरतें. बीटा तारा ३.७ प्रतीचा, पण तोहि साडेअठरा दिवसांच्या फेऱ्यांत किंचित् बदलतो. गॅमा ३.८ प्रतीचा; त्याचें तेज थोडें थरथरतें. डेल्टा साडेचारांहून थोडा मंद. त्याच्या अंगावर सूर्यावरच्यासारखे डाग असल्यामुळें तो फिरतां फिरतां कमीअधिक दिसतो. थीटाभोंवतीं वायूचें कडें आहे आणि त्याचें तेजहि बदलतें. मुकुटाच्या पोटांत ‘आर’ नांवाचा एक तारा आहे. तो एरवीं सहाव्या प्रतीचा असतो, पण काजळीसारख्या धुळीच्या ढगांनीं झांकला जाऊन कधीं कधीं चौदाव्या प्रतीपर्यंत बुडतो. त्याला तुलनेस घेणें म्हणजे बर्फाच्या खड्याचें वजन करून धान्य मोजण्यासारखें आहे!

मग काय मुकुटांतील सारेच तारे टाकून द्यावे? तसें नाहीं. आल्फा, बीटा व गॅमा ह्यांच्यांतील फरक एक दशांश प्रतीच्या आंतबाहेर आहे, आणि सरावलेल्या डोळ्याचीहि अचूकता साधारण तेवढीच असते. म्हणून डोळ्यांच्या अंदाजास ते चालतात. मात्र दोष माहीत असूनच ते वापरावे, आणि त्यांच्या जोडीला बाहेरचा एखादा स्थिर तारा साक्षीस घ्यावा. शौरींतील बीटा २.८ प्रतीचा आहे. भुजंगांतील आल्फा २.६ प्रतीचा, बीटा ३.७ प्रतीचा. हे जवळपासचे साक्षीदार उपयोगीं पडतात. दोष ठाऊक असलेलें वजन वापरतां येतें; दोष ठाऊक नसलेलें वजनच घात करतें.

दुसरी कसोटी तेजाच्या जवळिकीची. तुलनेस निदान दोन तारे हवेत. एक नवताऱ्याहून थोडा अधिक तेजस्वी, दुसरा थोडा मंद. त्या दोहोंमध्यें अर्ध्या ते एका प्रतीचें अंतर असावें. अंतर फार मोठें असेल, तर ‘मध्यावर’ म्हणतांना डोळा फसतो. आणि नवतारा दोहोंच्या मध्यें न येतां दोहोंहून तेजस्वी असेल, तर केवळ वरच्या बाजूस अंदाज लांबवूं नये. फूटपट्टी संपल्यावर पुढचें अंतर डोळ्यांनीं मोजण्यासारखें तें होतें. नवतारा जसजसा उतरतो, तसतशीं वजनेंहि बदलावीं लागतात. भराच्या वेळीं दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचे तारे, तीनचार दिवसांनीं चौथ्या प्रतीचे, आठवड्याअखेर सहाव्या-सातव्या प्रतीचे. अशी उतरती माळ आधींच तयार असली पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणावयास निघूं नये.

तिसरी कसोटी जागेची. क्षितिजाजवळचा तारा हवेच्या जाड थरांतून दिसतो, म्हणून तो मंद भासतो. अगदीं डोक्यावरच्या ताऱ्याच्या मानानें, क्षितिजापासून ३० अंश वर असलेल्या ताऱ्याच्या प्रकाशाला दुप्पट, आणि १० अंश वर असलेल्या ताऱ्याच्या प्रकाशाला सुमारें साडेपांच पट हवा ओलांडावी लागते. स्वच्छ रात्रींहि डोक्यावरचा तारा सुमारें पाव प्रतीनें मंद झालेला असतो. ह्या हिशेबानें १० अंशांवरचा तारा त्याहून आणखी एका प्रतीपेक्षां अधिक मंद दिसणार. नवतारा वर आणि तुलनेचा तारा खालीं असेल, तर सारी चूक नवताऱ्याच्या पदरांत जमा होते. म्हणून दोघे सारख्याच उंचीवर असावे, आणि होतां होईल तों जवळ असावे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत क्षितिजालगत धुळीचा पडदा असतो, आणि जूनमध्यें तर पावसाळी ढगच येतात. तेव्हां ही काळजी येथें विशेष घ्यावी लागते.

चौथी कसोटी रंगाची. डोळा सर्व रंगांना सारखा न्याय देत नाहीं. अंधाराला सरावलेल्या डोळ्यास निळसर प्रकाश अधिक व तांबडा कमी जाणवतो. उलट तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहत राहिल्यास तो क्षणोक्षणीं वाढत असल्यासारखा भासतो. म्हणून तांबडा तारा तुलनेस घेऊं नये, आणि कोणत्याहि ताऱ्याकडे टक न लावतां दृष्टि झटपट एकावरून दुसऱ्यावर न्यावी. टी ताऱ्याच्या शेजारचा एप्सिलॉन ४.१ प्रतीचा आहे; तो जवळ आहे, म्हणून मोह पडतो; पण तो नारिंगी आहे, हें विसरूं नये. स्वतः नवताराहि रंग बदलतो. प्रारंभीं तो पांढरट-पिवळसर असतो. उतरतीला लागल्यावर तप्त हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशामुळें त्यावर तांबूस छटा येते. त्या काळांत दोन चांगल्या निरीक्षकांचे आंकडेहि जुळत नाहींत, आणि त्यांत दोष कोणाचाहि नसतो.

पांचवी कसोटी एकटेपणाची. तुलनेच्या ताऱ्याला अगदीं चिकटून दुसरा तारा नसावा. असलाच, तर यादींतील प्रत एकाची आहे कीं दोघांची मिळून आहे, हें पाहून घ्यावें. भूतपांतील एप्सिलॉन साध्या डोळ्यांना २.४ प्रतीचा एकच तारा दिसतो. दुर्बिणींतून मात्र नारिंगी मोठा व निळसर लहान असे दोन दिसतात. कोष्टकांतून केवळ मोठ्याची प्रत उचलली, तर वजन सुरुवातीलाच खोटें पडलें.

सहावी कसोटी ही, कीं ताऱ्याची प्रत विश्वसनीय ठिकाणाहून घेतलेली असावी. निरनिराळ्या यादींतून वाटेल तसे आंकडे उचलूं नयेत. एकाच पद्धतीनें मोजलेली माळ घ्यावी. अमेरिकेंत १९११ सालीं विल्यम टायलर ऑलकॉट ह्यांच्या पुढाकारानें रूपविकारी तारे पाहणारांची एक संस्था निघाली. ती अशा ताऱ्यांचे नकाशे तयार करते व त्यांवर तुलनेच्या ताऱ्यांची प्रत छापते. त्या नकाशांत एक गंमत आहे. ३.७ असें न लिहितां नुसतें ३७ लिहितात; कारण दशांशचिन्हाचा ठिपका हाच एक तारा आहे, असें पाहणारास वाटावयाचें! जगभरच्या निरीक्षकांनीं एकच माळ वापरली म्हणजे पुण्याचा आंकडा आणि पॅरिसचा आंकडा शेजारीं मांडतां येतो.

आतां प्रत्यक्ष हिशेब करून पाहूं. समजा, टी तारा पेटला आहे. तो मुकुटांतील आल्फाहून (२.२) थोडा मंद, आणि शौरींतील बीटाहून (२.८) तेजस्वी दिसतो. दोहोंमधलें अंतर ०.६ प्रतीचें. मनांत ह्या अंतराचे तीन भाग करा. नवतारा आल्फापासून एक भाग खालीं व बीटापासून दोन भाग वर वाटला, तर त्याची प्रत २.२ + ०.२ म्हणजे २.४ झाली. आतां त्याच वेळीं आल्फाला ग्रहण लागून तो २.३ वर उतरलेला असेल, तर अंतर ०.५ होतें, त्याचा तिसरा भाग सुमारें ०.१७, आणि खरी प्रत सुमारें २.५ येते. तुलनेच्या ताऱ्याचा दोष नवताऱ्यावर कसा लादला जातो, तें येथें स्पष्ट दिसतें. म्हणून लगेच दुसरी जोडी घेऊन पडताळा पाहावा. आल्फाच्या जागीं भूतपांतील एप्सिलॉन, बीटाच्या जागीं भुजंगांतील आल्फा, असें करून पुन्हां अंदाज घ्यावा. हे दोन्ही तारे नारिंगी असल्यामुळें त्यांच्यावर मुख्य भिस्त ठेवूं नये. पण साक्षीदार म्हणून ते बरे. दोन उत्तरें एकदोन दशांशांत जुळलीं, तर वहींत नोंद करावी. न जुळलीं, तर तसेंच लिहावें. आंकडे ओढून जुळवूं नयेत.

नवतारा साध्या डोळ्यांच्या पलीकडे गेल्यावर द्विनेत्री दुर्बीण, आणि पुढें मोठी दुर्बीण लागते; पण कसोट्या त्याच राहतात. कॅमेऱ्यानेंहि हें काम होतें. साध्या रंगीत कॅमेऱ्यांतील हिरवा भाग डोळ्याच्या जाणिवेस बराच जवळ असतो, म्हणून तोच मोजणीस घेतात. कॅमेऱ्यानें मोजतांना एक गोष्ट अवश्य करावी. तुलनेच्या ताऱ्याशिवाय आणखी एक स्थिर तारा ‘पडताळ्याचा तारा’ म्हणून ठेवावा आणि त्याचीहि प्रत, जणूं ती ठाऊकच नाहीं अशी, प्रत्येक चित्रांतून काढावी. ती रोज तीच आली, तर आपली तुलना विश्वसनीय. ती हालूं लागली, तर तुलनेचा तारा, ढग किंवा यंत्र ह्यांपैकीं कोणीतरी फसवीत आहे, असें समजावें. शिवाय चित्रांत ठळक ताऱ्यांचा प्रकाश भांडें भरून सांडावा तसा मर्यादेबाहेर गेलेला नसावा. सांडलेलें दूध मापांत येत नाहीं.

नोंद कशी ठेवावी, ह्याविषयीं दोन शब्द. तारीख, वेळ, आकाशाची स्थिति, वापरलेलें साधन आणि तुलनेच्या ताऱ्यांचीं नांवें, इतकें तरी हवेंच. ह्यांतील शेवटची बाब नवशिके गाळतात, आणि तीच सर्वांत मोलाची. पन्नास वर्षांनीं एखाद्या ताऱ्याची प्रत अधिक अचूकपणें ठरली, तर ज्याच्या वहींत त्या ताऱ्याचें नांव आहे, त्याचा जुना वेध नवा हिशेब करून सुधारतां येतो. ज्यानें केवळ ‘२.४’ एवढेंच लिहिलें, त्याचा वेध सुधारण्याचा मार्ग कायमचा बंद झाला. आणखी एक पथ्य असें, कीं पाहण्यापूर्वीं कालची नोंद किंवा दुसऱ्याचा आंकडा वाचूं नये. मनानें उत्तर आधीं ठरविलें कीं डोळा त्याचीच री ओढतो.

न दिसल्याची नोंददेखील नोंदच होय. १८६६ च्या त्या रात्रीं अथेन्स येथील ज्युलियस श्मिट ह्यांनीं, बर्मिंगहॅम ह्यांच्या कांहीं तास आधीं, आकाशाचा तोच भाग पाहिला होता. तेथें ठळक नवा तारा नव्हता, असें त्यांनीं निक्षून सांगितलें. त्या एका ‘नव्हता’मुळें तारा किती त्वरेनें चढला, हें जगाला कळलें. उलट गोष्ट लेस्ली पेल्टियर ह्यांची. अमेरिकेंतील ओहायो राज्यांतल्या डेल्फॉस गांवचे हे थोर निरीक्षक १९२० पासून टी ताऱ्यावर पाळत ठेवून होते. फेब्रुवारी १९४६ मधील एका पहांटे ते वेध घेण्यासाठीं उठले. पण सर्दीची चाहूल लागल्यासारखें वाटून पुन्हां अंथरुणांत शिरले. पंचवीस वर्षें वाट पाहिलेला तारा नेमका त्याच रात्रीं पेटला! ही हकीकत त्यांनीं स्वतःच आपल्या आत्मवृत्तांत मोकळेपणानें लिहून ठेवली आहे.

हें काम मोठ्या वेधशाळांचें, आपल्यासारख्यांचें नव्हे, असें कोणी म्हणेल. त्यास आम्ही राधागोविंद चंद्र ह्यांचें चरित्र दाखवितों. बंगालमधील जेसोर येथें सरकारी खजिन्यांत ते नोकरीस होते. विश्वविद्यालयाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. १९१८ च्या जूनमध्यें गरुड तारकासमूहांत पेटलेला अत्यंत तेजस्वी नवतारा त्यांनीं स्वतंत्रपणें पाहिला व त्याचे वेध घेतले. पुढें वर उल्लेखिलेल्या अमेरिकन संस्थेकडे त्यांनीं १९५४ पर्यंत रूपविकारी ताऱ्यांचे ३७,००० हून अधिक वेध पाठविले. त्यांच्या कामावर संतुष्ट होऊन संस्थेनें त्यांना समुद्रापलीकडून सहा इंची दुर्बीण वापरावयास धाडली. एकेक वेध म्हणजे दोन वजनें, एक तराजू आणि एक प्रामाणिक ओळ. अशा सदतीस हजार ओळी त्या गृहस्थांनीं लिहिल्या.

आमच्या विद्यार्थ्यांनीं नवताऱ्याची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. उत्तर मुकुट दरवर्षीं उगवतो. येत्या उन्हाळ्याच्या सुटींत त्याच्या सातहि ताऱ्यांची ओळख करून घ्यावी, त्यांस तेजाच्या क्रमानें लावावें, आणि मग छापील यादीशीं ताडून पाहावें. शौरी, भूतप व भुजंग ह्यांतील साक्षीदार तारे ओळखून ठेवावे, आणि प्रतींसह त्यांचा एक लहानसा नकाशा वहीच्या पहिल्या पानावर काढावा. टी ताऱ्याच्या जागेकडे रोज एक दृष्टि टाकावी, आणि ‘दिसला नाहीं’ असें तारीखवार लिहावें. पालकांना आमची एवढीच विनंति आहे, कीं त्यांनीं मुलांना गच्चीवर किंवा अंगणांत अर्धा तास अंधार मिळवून द्यावा. घराबाहेरचा दिवा तेवढा वेळ मालवावा, आणि वहीपुरता एक मंद तांबडा दिवा द्यावा. पहिल्या दिवशीं महागड्या दुर्बिणीची मुळींच आवश्यकता नाहीं.

टी तारा आपल्यापासून सुमारें तीन हजार प्रकाशवर्षें दूर आहे. तो कोणत्या रात्रीं पेटावयाचा, ह्याचा नेम कोणासहि सांगतां येत नाहीं. तो पेटला म्हणजे त्याचा भर फार तर एकदोन रात्रींचा. त्या रात्रीं ज्याचीं वजनें तपासून ठेवलेलीं असतील, त्याच्याच वहींतील आंकडा पुढच्या पिढीच्या उपयोगीं पडेल.